ट्रेडमिलसाठी बूट घेताना आधी चवडा पाहा

भारतीय पायांसाठी ‘भ’ नावाची स्वतंत्र मापपद्धत येणार, ही बातमी २०२४ मध्ये आली तेव्हा चर्चा रंगली ती ब्रिटिश नंबर जाणार यावर. त्यामागच्या पाहणीतली कामाची गोष्ट मात्र बाजूलाच पडली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले, तेव्हा आपले पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असल्याचे दिसले. बाजारातला बूट चवड्याला अरुंद पडतो, म्हणून लोक लांबीला मोठा घेतात आणि तो पायात राहावा म्हणून नाडी करकचून आवळतात. ट्रेडमिलवर रोज चालणाऱ्याने बूट घेताना हा एवढा निष्कर्ष लक्षात ठेवला, तरी कुशन, जेल आणि हवेच्या पिशव्यांच्या जाहिरातींपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

‘एक नंबर मोठा घ्या, सैल होईल’ हा दुकानातला सल्ला नेमका इथे फसतो. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळपास साडेआठ मिलिमीटर लांबी. रुंदी वाढते ती त्यामानाने थोडी. करंगळीला हवी तेवढी जागा मिळेपर्यंत टाच मागे हलू लागते. शिवाय बूट वाकण्याची जागा पुढे सरकते. पाय चवड्याच्या सांध्यांवर वाकतो आणि बूट भलतीकडेच दुमडतो. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात तयार केलेले पाय मोजायचे यंत्र लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर ही तिन्ही मापे घेते. शंभर वर्षांनीही आपल्या बहुतेक दुकानांत फक्त ‘नंबर किती?’ एवढेच विचारले जाते. हा दोष केवळ आपलाच नाही. बुटाचे माप आणि पायदुखी यांवरच्या संशोधनाचा २०१८ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, ६३ ते ७२ टक्के लोकांचे बूट लांबीला किंवा रुंदीला पायाशी जुळत नव्हते.

रस्त्यावर हे एकवेळ निभावते. तिथे खड्डा येतो, वळण येते, माणूस चुकवावा लागतो, त्यामुळे पाऊल सतत थोडे वेगळे पडते. ट्रेडमिलचा पट्टा सपाट आणि वेग ठरलेला, म्हणून पायाचा तोच बिंदू बुटाच्या त्याच शिवणीवर घासत राहतो. जो बूट बाजारात जाऊन येईपर्यंत चावत नाही, तो पाऊण तासात फोड आणतो. पट्ट्याला चढ दिला की टाच प्रत्येक पावलाला वर सरकू पाहते. म्हणून टाचेची पकड घट्ट आणि चवडा मोकळा, अशी दुहेरी गरज असते. जाड कुशनची गरज मात्र इथे कमी. चालताना जमिनीकडून येणारा उभा जोर शरीराच्या वजनाच्या साधारण सव्वापटीपर्यंत जातो, धावताना तो दोन-तीन पट होतो. आणि बहुतेक ट्रेडमिलची फळी स्वतःही थोडी दबते. धावपटूंसाठी केलेल्या जाड तळाचे पैसे चालणाऱ्याने का मोजावेत, याचे पटेल असे उत्तर दुकानदारांकडून मिळत नाही.

मग निवडायचे कशावरून? कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर फार साधे आहे. त्यांच्या चमूने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दोनशे सैनिक होते. सुखतळे वापरणाऱ्या गटाने सहा प्रकारांतून स्वतःला आरामदायी वाटेल तो निवडला. निवड सगळ्यांची एक नव्हती. पण काही महिन्यांनी या गटात दुखणी न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. पुढे २०१५ मध्ये निग यांनी मांडले की, आरामदायी वाटणारा बूट निवडताना माणूस आपल्या शरीराच्या स्वाभाविक हालचालीला साजेसाच बूट निवडत असतो. हे गृहीतक आहे, सिद्ध नियम नव्हे. पण याच्या विरुद्ध बाजूचा, म्हणजे पायाची कमान पाहून ‘तुम्हाला हाच प्रकार लागेल’ असे ठरवण्याचा, दावा तपासला गेला आणि टिकला नाही. अमेरिकी सैन्यदलांतल्या हजारो प्रशिक्षणार्थींना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, तरी दुखापती कमी झाल्या नाहीत. सपाट तळवा असला आणि काहीही दुखत नसले, तर केवळ त्या नावाखाली महागडा ‘सपोर्ट’ घेण्याला आधार नाही. दुखत असेल, तर विचारायचे ते अस्थिरोगतज्ज्ञाला.

आराम फसवतो, हा आक्षेप रास्त आहे. दुकानात दोन पावले टाकली की मऊ बूट सगळ्यांनाच आवडतो. म्हणून परीक्षा नीट घ्यावी लागते. पाय दिवसभरात सुजतात, तेव्हा संध्याकाळी जावे, नेहमीचे मोजे घालून. सुखतळा बाहेर काढून त्यावर उभे राहावे; चवडा कडेबाहेर सांडला तर तो बूट तिथेच ठेवून द्यावा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाच्या बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. बायकांचे बूट सहसा अरुंद साच्यावर बनतात. रुंद चवड्याच्या स्त्रीने पुरुषांच्या विभागात बूट पाहण्यात काहीच गैर नाही. आणि बूट ‘वापरून सैल होईल’ हे ऐकून घेऊ नये. तो पहिल्या दहा मिनिटांत सुखाचा नसेल, तर आपला नाही.

एका गटाला मात्र ही आरामाची कसोटी लागू होत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि ‘रोज चाला’ हा सल्ला सर्वांत आधी त्यांनाच मिळतो. ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चावणारा बूटही आरामदायीच वाटतो. उलट घट्ट बूट जाणवतो म्हणून तोच बरा वाटतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिले की, अशा पायांच्या जखमा मुख्यतः न जाणवणाऱ्या दाबाने आणि घर्षणाने होतात. म्हणून मधुमेहींनी बूट निवडण्याआधी संवेदनेची तपासणी करून घ्यावी, नवा बूट सुरुवातीला थोडाच वेळ वापरावा आणि चालून झाल्यावर मोजे काढून तळवे, कडा, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. लाल डाग अर्ध्या तासानेही गेला नाही, तर तो बूट बंद करून डॉक्टरांना पाय दाखवावा.