चमचाभर द्रव आणि आपली बोअर

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी ब्लेझर आणायला मी सात रस्त्यावरच्या लाँड्रीत गेले होते. रूममेटनं वास घेऊन सर्टिफिकेट दिलं, "खरंच ड्रायक्लीन केलंय हं!" हा वास कशाचा, हे शोधायला बसले आणि विषय थेट हॉस्टेलच्या बोअरपर्यंत पोचला.

ड्रायक्लीनिंग म्हणजे कोरडी धुलाई नव्हे. कपडे भिजतात, पण पाण्यात नाही, सॉल्व्हंटमध्ये. आपल्याकडे छोट्या दुकानांत बऱ्याचदा पेट्रोल किंवा टर्पेंटाईन चालतं. जगभर मोठ्या मशिन्समध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलं ते पर्क्लोरोइथिलीन, म्हणजे 'पर्क'.

पर्क पाण्यापेक्षा १.६ पट जड आहे आणि पाण्यात फारच कमी विरघळतं. तेल पाण्यावर तरंगतं, हे मात्र भूजलातून खाली खाली बुडत जातं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हिशोब करून बघा: चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली पर्क, साधारण १६ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. दहा हजार लिटरचे १६० टँकर!

आता सोलापूरची जमीन आठवा. खाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. जड सॉल्व्हंट त्याच भेगांत शिरतं. कोणती भेग कुठे जाते, हे वरून कसं कळणार?

हे नुसतं पुस्तकी नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात कॅम्प लेजून नावाचा लष्करी तळ आहे. कुंपणापलीकडच्या एका ड्रायक्लीनिंग दुकानातलं पर्क जमिनीत मुरलं आणि टरावा टेरेस या सैनिकांच्या वसाहतीच्या विहिरींत उतरलं. दूषित विहिरी १९८५ मध्ये बंद झाल्या. तोवर कित्येक वर्षं कुटुंबं तेच पाणी पीत होती. भरपाईचा दावा लावता यावा म्हणून कायदा झाला तो २०२२ मध्ये!

मग असं पाणी साफ करतात कसं? पहिली पद्धत, पाणी उपसून टॉवरमधून हवेच्या झोतात सोडायचं किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळायचं. पण तळाशी बसलेला साठा हळूहळू विरघळत राहतो, म्हणून उपसा दशकानुदशकं चालतो. दुसरी, वाहत्या भूजलाच्या वाटेत लोखंडाच्या किसाची भिंत पुरायची. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन देतं आणि रेणूतलं क्लोरीन सुटं होतं. तिसरी, पोटॅशियम परमँगनेट जमिनीत सोडून ऑक्सिडेशन करायचं. चौथी सगळ्यात भारी: डीहॅलोकोकॉइडिस नावाचे जिवाणू. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो, तसे ते पर्क वापरतात! मात्र काम अर्ध्यावर थांबलं तर व्हिनाइल क्लोराइड साठतं, आणि ते पर्कपेक्षा घातक.

विहिरीत टाकतो ती टीसीएल पावडर इथे उपयोगाची नाही. ती जंतू मारते, सॉल्व्हंट नाही.

आता कबुली. डांबराच्या चाचणीत आपण ट्रायक्लोरोइथिलीन वापरतो, ते पर्कचंच भावंड. कर्करोगकारक म्हणून ते पहिल्या गटात आहे. गेल्या टर्मला प्रॅक्टिकल संपल्यावर उरलेला काळा द्रव मी स्वतः सिंकमध्ये ओतला. कुणी ओरडलं नाही, कारण सगळेच ओततात. परवा त्या सिंकचा पाइप कुठे जातो ते बघून आले. मागच्या शोषखड्ड्यात. आणि त्याच्या पलीकडे आपली बोअर.

सरांना आणि लॅब असिस्टंट काकांना विनंती, सिंकशेजारी लेबल लावलेला, घट्ट झाकणाचा एक कॅन ठेवूया. साठलेलं सॉल्व्हंट डिस्टिल करून परत वापरता येतं आणि उरलेला गाळ रांजणगावच्या घातक कचरा केंद्रासारख्या ठिकाणी देता येतो. एकदा बोअरचं पाणीही तपासून घेऊया. कॅनला फार खर्च नाही. १६० टँकरचा हिशोब मात्र नंतर कुणालाच झेपणार नाही.