कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

जुनी स्पोर्ट्‌स कार झटके खायला लागली की मालक बॉनेट उघडतो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट कार्बोरेटरवर जातो. तो समोर दिसतो, त्याला फिरवता येतील असे नट-स्क्रू असतात, आणि इंजिनाचं खाणंपिणं त्याच्याकडे असल्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच येतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मी सुटीच्या दिवशी लोकांच्या जुन्या एमजीबी गाड्या बघतो. माझं प्रत्येकाला एकच सांगणं असतं : आधी करंट तपासा, मग पेट्रोल, आणि कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. कार्बोरेटरचे बहुतेक बिघाड डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडतात, असं इथले जुने मेकॅनिकही म्हणतात. कोल्हापूरच्या गॅरेजमध्ये फियाटवर हात बसवताना माझे उस्ताद हाच क्रम पाळायला लावायचे.

एमजीबी 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, म्हणून आजही त्या भरपूर दिसतात आणि सुटे भाग मिळतात. चार सिलिंडरचं 1798 सीसीचं इंजिन, बहुतेक गाड्यांवर एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, मागे विजेवर चालणारा पेट्रोल पंप. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फीलर गेज, दोन-चार पाने आणि तल्लख कान एवढ्या भांडवलावर या गाडीचा जवळजवळ प्रत्येक आजार सापडतो. मला ही गाडी आवडते ती यासाठीच.

एका निवृत्त शिक्षकांची 1969 ची एमजीबी घ्या. सरळ रस्त्यावर छान पळायची, पण वळणाला किंवा उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की इंजिन एकदम मेल्यासारखं व्हायचं, कधी पुन्हा धरायचं, कधी नाही. एका गॅरेजने दोन्ही कार्बोरेटर उघडून नव्या सुया आणि नवी पॅकिंग टाकली, मिश्रण दोनदा बदललं. आजार जिथल्या तिथे. पायाशी संबंध दिसत होता, म्हणून सगळ्यांना पेट्रोलचीच शंका.

मी गाडीत शेजारी बसलो आणि त्यांना सांगितलं की इंजिन गेलं तरी क्लच दाबू नका, गाडी गियरमध्येच राहू द्या. नजर ठेवली आरपीएमच्या काट्यावर. या गाडीतलं हे मीटर विजेचं असतं, कॉइलच्या करंटचे ठोके मोजतं. पेट्रोल तुटलं तर इंजिन आचके देत मंदावतं आणि काटाही त्याच्याबरोबर सावकाश खाली येतो. इथे चाकं इंजिनाला फिरवत होती, तरी काटा एका क्षणात शून्यावर आपटला. याचा अर्थ कॉइलला मिळणारा करंटच तुटत होता. पेट्रोलचा त्यात काही संबंध नव्हता.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत पॉइंट ज्या पत्र्यावर बसलेले असतात तो पत्रा स्थिर नसतो. इंजिनाच्या व्हॅक्युमने तो थोडा पुढे-मागे फिरतो आणि टायमिंग बदलतो. पाय सैल केला किंवा दाबला की व्हॅक्युम बदलतं, पत्रा सरकतो. त्या पत्र्याकडे बाहेरून एक जेमतेम बोटभर लांबीची बारीक वायर येते आणि प्रत्येक हालचालीला वाकते. मी ती दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर ती ताणली गेली. तांब्याच्या वायरीने ताणलं जाता कामा नये. वरचं कव्हर अखंड होतं आणि आतल्या तारा एकेक करून तुटल्या होत्या. उरलेली एखाद-दुसरी तार पत्रा सरकला की टोकाला टेकायची किंवा सुटायची. तेवढी वायर बदलली, पॉइंटचा गॅप एक इंचाच्या पंधरा हजारांशावर, म्हणजे साधारण 0.38 मिलिमीटरवर बसवला, आणि पाय सैल केला तरी गाडी न मरता पळाली.

गाडी गरम झाल्यावरच मिसिंग मारते, थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालते, असं असेल तर त्याच झाकणाखालचा कंडेन्सर आधी बदलून बघावा. स्वस्त वस्तू आहे, आणि आजकाल मिळणाऱ्या मालाचा भरवसा मला वाटत नाही. म्हणून चांगला चाललेला जुना कंडेन्सर मी फेकत नाही.

करंट ठीक निघाला तरच पेट्रोलकडे वळायचं. तिथे कान कामाला येतात. किल्ली फिरवली की मागच्या उजव्या चाकाच्या पुढे बसलेला पंप टकटक करतो, कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की मंदावतो आणि थांबतो. अजिबात आवाज नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटले असण्याची शक्यता मोठी; बाहेरून हलका टोला दिला की तो अनेकदा जागा होतो, घरी पोचता येतं. टकटक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, किंवा टाकी आणि पंप यांच्यामध्ये कुठेतरी हवा शिरतेय, किंवा पुढे वाटीतून पेट्रोल ओसंडतंय. शेवटच्या शक्यतेत आधी किल्ली बंद करा. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, आणि ओसंडलेलं पेट्रोल तापलेल्या लोखंडावर पडणं हे आगीला सरळ निमंत्रण आहे. आग विझवायचं छोटं सिलिंडर जवळ नसेल तर पेट्रोलच्या कामाला मी हात लावत नाही, दुसऱ्यालाही लावू देत नाही.

पंप दम धरून आहे का हे बघायला कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडावा. मिनिटाला जवळपास एक लिटर यायला हवं. ही तपासणी इंजिन गार असताना, मोकळ्या हवेतच करावी. धार सुरुवातीला जोरात आणि मग मंद होत असेल तर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणातलं भोक बुजलंय.

गेल्या काही वर्षांत एक नवी भानगड आली आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात तर आता वीस टक्क्यांवर गेलं आहे. जुन्या काळचे रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नव्हते. बाहेरून ते ठणठणीत दिसतात आणि आतून कुरतडत जातात. त्याचा काळा चुरा कार्बोरेटरच्या वाटीपर्यंत पोचतो, सुई नीट बसत नाही आणि पेट्रोल ओसंडतं. लोक कार्बोरेटर साफ करतात, महिन्याभराने तोच चुरा परत. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे जुनी पद्मिनी किंवा हेराल्ड आहे त्यांनी सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घालून घ्यावेत. नवीन पाइपवर तसं छापलेलं असतं, विकत घेताना वाचून घ्यावं.

हे सगळं झाल्यावर कार्बोरेटर. शिक्षकांच्या गाडीत तोवर तो खरोखरच बिघडलेला होता, कारण वायरीच्या आजारावर त्याचे नट फिरवले गेले होते. प्लग काढले तर काजळीने काळे. नीट जळणाऱ्या इंजिनात ते खाकी-तपकिरी निघतात. एसयूच्या बाजूला एक बारीक पिन असते, ती आतला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलते. इंजिन गरम करून, स्लोवर ठेवून मी पुढच्या कार्बोरेटरची पिन उचलली. आवाज चढला आणि चढलेलाच राहिला, म्हणजे पेट्रोल जास्त. बंद पडायला लागलं असतं तर कमी. क्षणभर चढून पुन्हा जागेवर येणं, हे बरोबर. खालचा षटकोनी नट एकेक बाजू वर फिरवत, दर वेळी पिन उचलून ऐकत गेलो, मग मागच्या कार्बोरेटरला तेच. शिक्षक शेजारी उभे राहून ऐकत होते. मागच्याचा नट शेवटी मी त्यांनाच फिरवायला दिला, आणि कुठे थांबायचं ते त्यांनी स्वतःच्या कानाने ठरवलं.