घोड्यांच्या फ्लूची वंशावळ

जून २००८ मध्ये जम्मूजवळच्या कटरा येथे वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना वाहून नेणारे घोडे आणि खेचरे एकामागून एक आजारी पडू लागली. अंगात ताप, नाकातून स्राव आणि कोरडा, ढास लागणारा खोकला. तपासणीत निष्पन्न झाला तो घोड्यांचा इन्फ्लुएन्झा, एच३एन८. १९८७ च्या साथीनंतर तो देशात मोठ्या प्रमाणावर पुन्हा दिसला आणि बघता बघता अनेक राज्यांत पसरला.

एच३एन८ हे या विषाणूचे आडनाव म्हणता येईल. आडनावावरून घराणे कळते, पण माणूस कुठल्या गावचा हे कळत नाही. त्यासाठी जनुके वाचावी लागतात. विषाणूला श्वसनमार्गातील पेशींना चिकटवणारे प्रथिन ज्या जनुकामुळे तयार होते, त्यातील बदलांची तुलना करून वंशावळ मांडली जाते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा विषाणू अमेरिकी आणि युरेशियन अशा दोन वंशांत विभागला गेला. अमेरिकी वंशातून पुढे फ्लोरिडा शाखा निघाली आणि तिच्याही दोन उपशाखा झाल्या. हरियाणातील हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या अभ्यासात भारतातील विषाणू दुसऱ्या उपशाखेचा निघाला. त्याचे जवळचे नातलग त्याच सुमारास चीनमध्ये सापडले होते.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ७० हजारांहून अधिक घोड्यांना लागण झाली, शर्यती बंद पडल्या. तिथला विषाणू पहिल्या उपशाखेचा, जपानमधील साथीच्या विषाणूशी जुळणारा होता. म्हणजे वर्षभराच्या अंतराने आलेल्या या दोन साथींचे मूळ वेगळे होते. नुसत्या लक्षणांवरून हे कोणत्याही डॉक्टरला सांगता आले नसते.

याचा थेट संबंध लशीशी आहे. लशीतला विषाणू जुना राहिला आणि बाहेरचा बदलत गेला, तर टोचलेला घोडाही खोकू लागतो. फार आजारी दिसत नाही, पण विषाणू पसरवतो. माणसांच्या फ्लूची लस वेळोवेळी बदलावी लागते, तीही याच कारणाने. म्हणून २०१० पासून जागतिक पशुआरोग्य संघटनेने लशीत दोन्ही उपशाखांचे विषाणू असावेत, अशी शिफारस केली.

हा विषाणू माणसांना सहसा त्रास देत नाही. मात्र २००४ मध्ये फ्लोरिडात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा तोच कारणीभूत निघाला. जनुके घोड्यांच्या विषाणूशी जुळल्यामुळेच ते उमगले.

शर्यतीच्या घोड्यांना लस नियमित मिळते. यात्रेतल्या, वीटभट्टीवरच्या खेचराला ती क्वचितच मिळते. आजारी जनावराला जितके दिवस ताप, तितके आठवडे विश्रांती द्यावी, असा पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. चार दिवस ताप आला, तर महिनाभर कमाई बंद. हातावर पोट असलेला घोडेवाला ते पाळेलच, असे नाही.