यकृत : शरीराचा मूक सेवक

विद्यार्थी मित्रांनो, 'जिगर' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. जिवलग मित्राला तुम्ही 'जिगरी दोस्त' म्हणता. मराठीनेही हा शब्द आपलासा केला आहे. धाडसी माणसाला मराठीत 'जिगरबाज' म्हणतात. पण जिगर म्हणजे नेमके काय? आपल्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड एक तांबूस-तपकिरी अवयव असतो. तोच जिगर. मराठीत त्याला यकृत म्हणतात. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते.

यकृत दिवसरात्र काम करते. ते पित्तरस तयार करते. जास्तीची साखर साठवून ठेवते व गरज पडेल तेव्हा रक्तात सोडते. रक्तातील विषारी पदार्थ निरुपद्रवी करते. एवढी कामे करूनही ते सहसा कुरकुर करत नाही. म्हणूनच त्याच्या दुखण्याकडे आपले लक्ष जात नाही.

निरोगी यकृतात चरबी अगदी थोडी असते. त्याच्या शंभर पेशींपैकी पाचांहून अधिक पेशींत चरबी साठली, की त्याला 'फॅटी लिव्हर' म्हणतात. पूर्वी लोकांना वाटे, की हा विकार दारू पिणाऱ्यांनाच होतो. परंतु १९८० साली अमेरिकेतील डॉ. लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दारू न पिणाऱ्या रुग्णांतही तो दाखवून दिला. १९८३ साली लठ्ठ मुलांमध्येही तो आढळल्याची नोंद झाली. सुरुवातीला मुलाला काहीच त्रास होत नाही. पुढे मात्र यकृताला सूज येऊ शकते. सूज वर्षानुवर्षे राहिली, तर यकृत कठीण होऊ लागते.

ही चरबी येते कोठून? याचे उत्तर शोधायला आपण जळकोटला जाऊ. जळकोट हे धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्याचे गाव. सोलापूर-हैदराबाद महामार्ग या भागातून जातो. हा प्रदेश ज्वारी, तूर आणि हरभरा यांचा. शेतातून घरात भाकरी, वरण आणि पालेभाजी येते. महामार्गावरून मात्र शीतपेयांच्या बाटल्या आणि तळलेल्या पदार्थांची पाकिटे येतात. आज हे चित्र महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत दिसते. एका लहान बाटलीत, म्हणजे ३०० मिलिलिटर शीतपेयात, सुमारे ३० ग्रॅम साखर असते. ही झाली सहा-सात चमचे साखर! एवढी साखर एकदम आली, की यकृत तिच्या काही भागाची चरबी बनवते. खेळ सुटला, बैठक वाढली, की ही चरबी खर्च होत नाही.

या गोष्टीत आणखी एक पात्र आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे आपल्या आतड्यांतील जीवाणू. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. सगळेच जीवाणू शत्रू नसतात. ज्वारी, डाळी, भाज्या व फळे यांतील चोथा आपल्याला पचत नाही. पण तो उपयोगी जीवाणूंचे अन्न असतो. तो खाऊन ते काही आम्ले तयार करतात. त्यांमुळे आतड्याचे अस्तर मजबूत राहते.

चोथा मिळाला नाही, तर हे अस्तर कमकुवत होऊ शकते. मग जीवाणूंचे हानिकारक पदार्थ रक्तात शिरतात. आतड्यातून निघालेले रक्त प्रथम यकृताकडे जाते. त्यामुळे त्याचा पहिला मारा यकृतालाच सोसावा लागतो. काही जीवाणू तर साखरेपासून पोटातच थोडे मद्य तयार करतात! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यकृताला सूज आलेल्या लठ्ठ मुलांच्या आतड्यांत असे जीवाणू जास्त आढळले. मद्याला कधीही न शिवलेल्या मुलांच्या यकृताला असाही उपद्रव होऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, "मी तर बारीक आहे. मला कसली भीती?" पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो होते. पण वजन कमी असूनही आपल्या बालकांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. म्हणून बारीक दिसणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये.

मित्रांनो, घाबरण्याचे कारण नाही. लहान वयात हा विकार वेळीच लक्षात आला, तर बहुधा मागे हटतो. अमेरिकेत ११ ते १६ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. या मुलांना फॅटी लिव्हर होते. त्यांतील काहींच्या आहारातील वरची साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली. त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. केवळ आठ आठवड्यांत!

मग आपण काय करावे? तहान लागली, तर पाणी किंवा ताक प्यावे. भाकरी, डाळ, भाजी आणि फळे खावीत. रोज निदान एक तास पळावे, खेळावे. मुलींनीही खेळावे. रात्री वेळेवर झोपावे. उपाशी राहून वजन कमी करू नये. वाढत्या वयात ते घातक असते. मूल फार लठ्ठ असेल, किंवा त्याच्या मानेवरची त्वचा काळी व जाड झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. रक्ताच्या तपासणीने व सोनोग्राफीने यकृताची स्थिती कळू शकते.

आणखी एक गोष्ट. वर्गातील लठ्ठ मुलाला चिडवू नका. चिडवलेले मूल मैदानापासून दूर पळते आणि एकटेच बसून राहते. त्याला खेळायला बोलवा. जो मित्राच्या जिगरीची काळजी घेतो, तोच खरा जिगरी दोस्त!

स्वाध्याय

१. यकृत कोणकोणती कामे करते?
२. आतड्यांतील उपयोगी जीवाणूंना कोणते अन्न लागते?
३. बारीक मुलांनीही बेफिकीर का राहू नये?
४. 'जिगरी दोस्त' व 'जिगरबाज' हे शब्द वाक्यांत वापरा.
५. तुम्ही आठवडाभर काय खाल्ले व किती वेळ खेळलात, याची नोंद वहीत करा.