हेब्बार यांची रेघ आणि कोळशाची भुकटी

बंगळूरच्या कुमारकृपा रस्त्यावर कर्नाटक चित्रकला परिषद आहे. तिथे के. के. हेब्बार यांच्या चित्रांचं स्वतंत्र दालन आहे. उडुपीजवळ १९११ मध्ये जन्मलेले हेब्बार चित्रकार म्हणून घडले ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. शरीराची लय आतून कळावी म्हणून ते चक्क कथक शिकले! त्यांच्या नर्तकांच्या रेखाटनांत रेघा मोजक्याच, पण गिरकी स्पष्ट जाणवते.

अशी मोजकी रेघ शाईने ओढायची, तर ती एकदा उमटली की मागे घेता येत नाही.

कोळशाचं उलट. विलोच्या किंवा द्राक्षवेलीच्या काड्या हवा लागू न देता भाजून तो तयार करतात. कागदाच्या खरखरीत अंगावर त्याची भुकटी नुसती टेकलेली असते, म्हणून ती बोटाने पसरते आणि मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने उचलताही येते.

खरी मजा दोन्ही एकत्र वापरण्यात आहे. आधी कोळशाने देहाचा तोल, खांद्यांचा आणि कमरेचा कल पकडायचा. सैल भुकटी झटकायची आणि मग बोरूने किंवा ब्रशने शाई लावायची. भुकटीचा थर जाड राहिला, तर शाई कागदात नीट मुरत नाही. वॉटरप्रूफ शाई पूर्ण वाळल्यावर तिच्यावर पुन्हा कोळशाची सावली देता येते. शेवटी भुकटी कागदावर धरून ठेवणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा, तोही मोकळ्या हवेत.

शिकणाऱ्यांनी जाड, किंचित खरखरीत कागद घ्यावा, आणि बंगळूरला गेल्यास हेब्बार दालनात निवांत तासभर नक्की घालवावा.