छोट्या रुळांवरची वीज

बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात ३१ मे १८७९ रोजी वेर्नर फॉन सीमेन्स यांनी जी गाडी चालवून दाखवली, तिचं इंजिन इतकं बुटकं होतं की चालक त्यावर मांड ठोकून बसायचा. दोन रुळांतलं अंतर जेमतेम ४९० मिलिमीटर, मार्ग ३०० मीटरचा, गोल. मागच्या तीन उघड्या डब्यांत अठरा माणसं. मोटर २.२ किलोवॉटची, म्हणजे तीन अश्वशक्तीची. तरीही चार महिन्यांत ८० हजारांहून अधिक लोक या गाडीत बसले. विजेच्या रेल्वेचा पाया घातला तो या चिमुकल्या इंजिनाने.

त्याआधी, १८४२ साली, स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसन यांनी बॅटरीवरचं इंजिन एडिंबरा-ग्लासगो मार्गावर चालवलं होतं. पण त्या बॅटऱ्यांत जस्त झिजायचं आणि जस्त कोळशाहून फार महाग. सीमेन्स यांनी वीजनिर्मितीच गाडीवरून खाली उतरवली. डायनॅमो जमिनीवर राहिला, वीज मधल्या तिसऱ्या रुळातून आली.

चार वर्षांनी, ऑगस्ट १८८३ मध्ये, मॅग्नस व्होल्क यांनी ब्रायटनच्या किनाऱ्यावर दोन फुटी रुळांची गाडी सुरू केली, अवघ्या ५० व्होल्टवर. आधी धावत्या रुळांतूनच वीज जायची. ती वाया जाऊ लागल्यावर तिथेही तिसरा रूळ आला. ही रेल्वे आजही चालते, याचं कौतुक करावं तेवढं थोडं!

आज बागांतल्या सव्वासात इंची रुळांवर बॅटरीची इंजिनं सर्रास दिसतात. त्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न मोटरच्या ताकदीचा विचारला जातो. खरं तर तो चाकांवरच्या वजनाचा असायला हवा. कोरड्या रुळावर पोलादी चाक आपल्यावरच्या भाराच्या साधारण पाव हिश्शाइतकं ओढू शकतं. शंभर किलोच्या इंजिनाची सगळी चाकं मोटरला जोडलेली असली, तरी ओढ पंचवीस किलोच्या आसपासच. शंभरास एक असा चढ आला की एक टन वजनाच्या गाडीसाठी त्यातली दहा किलो नुसत्या चढातच खर्च होते. रूळ ओले झाले तर पकड आणखी घटते. अशा वेळी मोटर कितीही दणकट असो, चाकं जागच्या जागी फिरत राहतात.

म्हणून शिशाच्या जड बॅटऱ्या इथे कामाच्या ठरल्या. त्यांचं वजन थेट चाकांवर येतं. हलक्या लिथियम बॅटऱ्या बसवणाऱ्यांना ते वजन भरून काढायला इंजिनात लोखंडी पट्ट्या ठेवाव्या लागतात.