तोंडावरची काळी रेघ

लोणी देवकरच्या पेरूच्या बागेत रक्षक सापळा उघडला, की आत माश्यांचा खच! सगळे नर, मिथाइल युजेनॉलच्या वासाला भुललेले. बागाईतदार सरसकट फळमाशी म्हणतो. पण त्यात तीन जाती तरी असू शकतात.

मी एकेक माशी पांढऱ्या कागदावर ठेवते, भिंगातून फोटो काढते आणि कीटकवेड्या मित्रांना धाडते. पहिला प्रश्न ठरलेला: पंखाचं टोक दाखव. टोकाशी सुटा ठिपका नसेल, पुढच्या कडेला सलग गडद पट्टी असेल, तर बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसचा संशय. ठिपका असेल तर चेहरा बघायचा. शिंगिकांखाली दोन सुटे काळे ठिपके म्हणजे झोनाटा. तेच जुळून आडवी रेघ झाली तर करेक्टा. नुसत्या पाठीच्या फोटोवरून नाव सांगणं मला पटत नाही.

कालच्या एका माशीचं डोकंच चिरडलं होतं. ती अजून डबीत आहे, बिननावाची.